बुरशीला नावं ठेवणारा माणूस

बहरीनमध्ये, हूऱ्यातल्या आमच्या ऑफिसचा फ्रिज पहिल्यांदा उघडणारा माणूस हमखास दचकायचा. वरच्या खणांत आमचे डबे, दूध, कुणाची तरी औषधं. आणि सगळ्यात खाली ओळीनं मांडलेल्या जॅमच्या रिकाम्या बरण्या. रिकाम्या म्हणजे जॅम नसलेल्या; बाकी प्रत्येकीत काहीतरी केसाळ, हिरवं, काळं, पांढरं पसरलेलं असायचं. प्रत्येकीवर वळणदार अक्षरात चिठ्ठी. वर लॅटिनसारखं दिसणारं लांबलचक नाव आणि खाली जन्मस्थान: ‘बेकरीचा पाव, दुसरा आठवडा’, ‘लिंबू, सावंतच्या डब्यातलं’.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी ते पाहून किंचाळले, तेव्हा मागून शांत आवाज आला, “घाबरू नको गो. सगल्यांची ओलख झालेली हाय.”

ते मुकादमचाचा. हसनमियाँ मुकादम, दापोलीजवळच्या एका खेड्यातले. वय साठीच्या पुढे, अंगानं काडी, पॅन्ट पोटाच्या बरीच वर बांधलेली, आणि शर्टाच्या खिशात दोन पेनांच्या मध्ये एक भिंग. ते भिंग ते भाजीवर धरायचे, पावावर धरायचे, एकदा तर बॉसच्या कोटाच्या कॉलरवर धरलेलं मी पाहिलं आहे.

आमचं ऑफिस क्लिअरिंग एजंटचं. बंदरात येणाऱ्या मालाची कागदपत्रं करायची आणि माल सोडवून आणायचा. त्यात चाचांचं काम एकच: आलेली वस्तू सरकारी यादीतल्या कुठल्या रकान्यात बसते ते ठरवायचं. प्लास्टिकचं फूल हे प्लास्टिक की फूल? पाय तुटलेली खुर्ची हे फर्निचर की लाकूड? इतर लोक असल्या प्रश्नांनी वैतागतात. चाचा त्यांनीच तरतरीत व्हायचे. “जगात जी म्हनून वस्तू हाय,” ते म्हणायचे, “तिला यादीत एक घर हाय. आपन फक्त तिला घरी पोचवायची.”

ही आवड त्यांना बुरशीनं लावली होती. तरुणपणी ते रत्नागिरीत कॉलेजात होते आणि वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला नापास झाले. तेही नेमके बुरशी आणि दगडफुलाच्या पेपरात. पहिला प्रश्न होता, बुरशीच्या वर्गीकरणाचा इतिहास थोडक्यात लिहा. चाचांनी तीन तास तोच लिहिला. पुरवण्यांवर पुरवण्या जोडल्या. घंटा झाली तेव्हा त्यांच्या इतिहासातला दुसरा शास्त्रज्ञ नुकताच जन्माला आला होता.

“परत का नाही बसलात?” मी विचारलं.

“बसलो की. पुन्हा तोच प्रश्न आला.”

त्यानंतर त्यांनी बहरीनचं विमान धरलं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं एका टेबलाशी बसायचो. चाचा, मी आणि आमचा ड्रायव्हर सावंत. सावंत चिपळूणचा, जाडजूड, दुसऱ्याची फजिती करायला कायम तयार. तिथं चाचा त्या जुन्या शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगायचे. नावं घ्यायचे नाहीत. ‘स्वीडनवाले साहेब’, ‘पॅरिसच्या माळ्यावरचे गरीब मास्तर’, असं म्हणायचे, जणू ती माणसं पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या एजंटाकडे कामाला होती.

“स्वीडनवाले साहेब म्हंजे काय हुशार मानूस! सगली झाडं, सगली जनावरं, प्रत्येकाला दोन शब्दांचं नाव. सगली दुनिया कपाटात लावून झाली. आनि मग हातात आली अलंबी.”

“मग?” सावंत भाकरी मोडत विचारायचा. त्याला गोष्ट पाठ होती.

“मग काय, तंतरली! ना पान, ना फूल, ना बी. त्यात कोनी येऊन सांगितलान, साहेब, बुरशीची भुकटी पान्यात ठेवली की त्यातनं किडे निगतात. मग साहेबांनी काय केला? पुस्तकात किड्यांच्या शेवटी एक खण उघडला, त्याला नाव दिला ‘केऑस’. गोंधल! आनि बुरशी दिली त्यात टाकून.” इथं चाचा हात पुसायचे. “एवडा मोठा मानूस, पन कबूल केलान की मना कलत नाय. आपल्या ऑफिसात कोन करतो कबूल?”

चाचांच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरवरही ‘केऑस’ अशी चिठ्ठी होती. ज्या मालाचा निकाल लागत नाही त्याचे कागद त्यात जायचे. एकदा आमच्या बॉसची, थॉमस सरांची, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी त्यात सापडली. ती तिथं कशी गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दगडफुलावर तर त्यांचा विशेष जीव. आपण मसाल्यात टाकतो ते काळंपांढरं, वाळक्या पापुद्र्यासारखं दगडफूल. ना ते दगड, ना फूल. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार असतो, हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. स्वीडनवाल्या साहेबांनी त्याला वनस्पतींमधला गरिबातला गरीब शेतकरी म्हणून शेवटच्या बाकावर बसवलं होतं. पुढे कित्येक वर्षांनी एका स्विस मास्तरांनी सांगितलं की हा एक जीव नव्हे, दोन आहेत, तेव्हा म्हातारे पंडित इतके भडकले की मरेपर्यंत त्यांनी ते मानलं नाही.

सावंतला हे काही केल्या पटत नसे. मग चाचांनी त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं.

“तू ऱ्हातोस कुठं?”

“इथंच, हूऱ्यात. खोलीत चौघं.”

“फ्लॅट कोनाच्या नावावर?”

“शफीच्या.”

“जेवन कोन करतो?”

“मी.”

“झाला तर! शफी म्हंजे बुरशी, तू म्हंजे शेवाल. तो छप्पर देतो, पानी देतो. तू रांधतोस. आनि भायेरचे लोक काय म्हन्तात? शफीचा फ्लॅट. दगडफुलाला नाव मिलतं ते बुरशीचंच. ज्याच्या नावावर करार, त्याचंच नाव.”

सावंतनं हातातला घास डब्यात परत ठेवला. त्या संध्याकाळी त्यानं घरी जाऊन स्वयंपाक करायला नकार दिला, आणि शफीनं दुसऱ्या दिवशी फोन करून चाचांना चार गोष्टी सुनावल्या.

या अपमानाचा सूड सावंतनं हिवाळ्यात उगवला.

हिवाळ्यात विजांसह पाऊस झाला की पुढे वाळवंटात फगा सापडतो. फगा म्हणजे जमिनीखाली वाढणारी, बटाट्याएवढी अळंबी. इथल्या लोकांचा त्यावर जीव. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, म्हणून एका शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं सखीरकडच्या माळावर गेलो. चाचांच्या हातात काठी, गळ्यात पिशवी, डोक्याला रुमाल. आजूबाजूला बहरीनी कुटुंबं खाली वाकून चालत होती.

“जुने लोक समजायचे की वीज पडते तिथं हा जन्मतो,” चाचा चालताना सांगत होते. “बी नाय, रोप नाय, मग येतो कुठनं? तर म्हने आभालातनं. चूक होती, पन काय सुंदर चूक!”

तासभर काहीच मिळालं नाही. मग एका खुरट्या झुडपाजवळ जमिनीला भेग दिसली. चाचा गुडघ्यावर बसले. आम्हाला हातानंच गप्प केलं. ब्रशनं वाळू झाडली. आतून पिवळट, गोल पाठ दिसली. पुढची वीस मिनिटं त्यांनी ती मोजली, वहीत तिचं चित्र काढलं, भिंग लावलं, वास घेतला. “त्वचा गुलगुलीत,” ते पुटपुटत होते, “ठिकठिकानी खलगे. हा प्रकार मी कुठंच वाचला नाय.” शेवटी त्यांनी सुरी काढून अलगद काप घेतला.

बटाटा होता. सावंतनं पहाटेच येऊन पुरला होता.

सावंत वाळूत लोळून हसला. मलाही हसू आवरेना, आणि आवरत नाही याची लाजही वाटत होती. चाचांनी त्या कापाकडे बघितलं, मग आमच्याकडे. वही मिटली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “युरोपात पयल्यांदा बटाटा आला ना, तवा तिथल्या लोकांनी त्याला अलंबीचंच नाव दिला होता. जर्मन लोक अजून तेच म्हन्तात. माझी चूक जुनी हाय, खानदानी हाय. तुझ्यासारकी कालची नाय.”

हा सगळा तमाशा बघत उभा असलेला एक बहरीनी म्हातारा जवळ आला. त्याची पिशवी फग्यानं अर्धी भरली होती. त्यातला एक पांढराशुभ्र निवडून त्यानं चाचांच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, “जुबैदी.”

चाचा एकदम लाल झाले. जुबेदा हे चाचीचं नाव.

पांढऱ्या जातीला इकडे जुबैदी म्हणतात, हे त्यांना इतक्या वर्षांत कसं कळलं नव्हतं, कोण जाणे. त्यांनी तिथंच माळावर उभं राहून गावी फोन लावला. स्पीकर चालू होता, त्यामुळे आम्हीही ऐकलं.

“अगो, तुझ्या नावाची बुरशी सापडली!”

पलीकडून चाचीचा आवाज, “तुमाला दुसरा काय मिलाला नाय? मोगरा, गुलाब?”

“गुलाबाला कोनीपन नाव देतो गो.”

“बरी हाय ना तब्येत तुमची? उनात नका फिरू.” आणि फोन बंद.

लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाली होती आणि त्यातली बहुतेक सगळी फोनवर. वर्षाआड महिनाभराची सुट्टी. तेही कधी रजा मंजूर झाली तर.

रजेवरूनच थॉमस सरांचं प्रकरण झालं. त्या वर्षी सरांनी चाचांची रजा नामंजूर केली. दोन दिवसांनी फ्रिजमध्ये नवी बरणी आली. आत कॉफीच्या उरलेल्या गाळावर उगवलेली काळपट, चिकट बुरशी, आणि चिठ्ठीवर नावाचा दुसरा शब्द स्वच्छ अक्षरात: ‘थॉमसाय’.

थॉमस सर केरळचे, माणूस वाईट नव्हता, पण आवाज मोठा. एके दिवशी दूध काढायला खाली वाकले आणि आपलं नाव वाचून तसेच वाकलेले राहिले.

“मुकादम! व्हॉट इज धिस? मेरा नाम क्यूँ है इस पे?”

मला वाटलं, संपलं. व्हिसा कॅन्सल, चाचा घरी. पण चाचा उठून उभे राहिले. “सर, ये सायन्स का रिवाज है. बडे आदमी का नाम देते हैं. ऑनर है. अब ये नाम दुनिया में कायम.”

सरांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला. त्यांनी बरणी उजेडात धरली. “रेअर है क्या?”

“बहुत रेअर, सर. सिर्फ आपके कप में.”

सरांनी बरणीचा फोटो काढून घरच्यांना पाठवला. चाचांची रजाही आठवड्याभरात मंजूर झाली. नंतर मी एकांतात विचारलं, “चाचा, खरंच मान म्हणून दिलंत?” तेव्हा त्यांनी मला स्वीडनवाल्या साहेबांची आणखी एक गोष्ट सांगितली. साहेबांच्या कामावर कुणीतरी सडकून टीका केली होती. साहेबांनी त्या टीकाकाराचं नाव एका चिकट, निरुपयोगी रानगवताला देऊन टाकलं. “आनि अजून तेच चालतंय,” चाचा म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

त्यांची आणि माझी खरी गाठ पडली ती मात्र दगडफुलाच्या पोत्यांमुळे.

उम्म अल हस्सम या वस्तीत आयशाबाई म्हणून रत्नागिरीच्या एक बाई मसाले कुटून विकायच्या. रमजानच्या तोंडावर त्यांची दगडफुलाची सहा पोती बंदरात आली. कागद मी केले. मी लिहिलं ‘स्टोन फ्लॉवर’, आणि आमच्या ऑफिसच्या नव्या सॉफ्टवेअरनं त्याचं अरबी केलं: फुलांची नक्षी असलेला दगड. पोती बांधकामाच्या मालाच्या तपासणीला गेली. तिथल्या माणसांनी त्यात दगड शोधला, तो काही मिळाला नाही, आणि माल खोटा दाखवलाय म्हणून परत पाठवायचा शेरा मारला.

थॉमस सरांनी कागद टेबलावर आपटला. “किसने किया?”

माझी नोकरी लागून तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. कराडला आईकडे माझी मुलगी होती.

“मैंने किया, सर,” चाचा म्हणाले.

“मुकादम, ये माल वापस गया तो तुम भी वापस. खलास.”

बंदराकडे जायला व्हॅनमध्ये बसल्यावर मी रडायलाच लागले. “तुम्ही कशाला सांगितलंत?”

“तुझी पयली चूक हाय गो. ती उठून दिसली असती. माझ्या चुकांचा ढीग एवडा मोठा हाय, त्यात एक वाडली तर कोनाला कलनार?”

बंदरावरचा तपासनीस तरुण बहरीनी होता, थकलेला, पण सभ्य. समोर एक पोतं उघडून ठेवलं होतं. त्यानं विचारलं, “धिस इज स्टोन?”

“मफी स्टोन,” चाचा म्हणाले. मफी म्हणजे नाही.

“फ्लॉवर?”

“मफी फ्लॉवर.”

“प्लांट?”

इथं कुठलाही शहाणा माणूस हो म्हणाला असता. मी चाचांची बाही ओढली. पण चाचांनी खिशातून भिंग काढलं, आणि मला कळलं की आता रत्नागिरीतला तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला आहे.

“हाफ प्लांट,” चाचा म्हणाले. “हाफ, नॉट प्लांट.”

पुढचा पाऊण तास ते अरबी, हिंदी आणि इंग्रजीत बोलत होते. स्वीडनवाले साहेब आले, केऑस आला, भडकलेले पंडित आले, शफीचा फ्लॅट आला. तपासनीस आधी घड्याळाकडे बघत होता, मग खुर्ची ओढून बसला.

“दो आदमी, एक रूम?”

“एक रूम.”

“दोनों का रेसिडेन्ट कार्ड है?”

“नहीं. सिर्फ बुरशी का.”

“तो दुसरा इल्लीगल है!”

“इल्लीगल नहीं, भाई, वो कुकिंग करता है!”

मी डोळे मिटून घेतले. परतीच्या विमानाचं तिकीट मला दिसायला लागलं होतं. तेवढ्यात तपासनीसानं पोत्यात हात घातला, मूठभर दगडफूल काढून नाकाशी नेलं आणि त्याचा चेहराच बदलला. “हाज़ा शैबा!” तो ओरडला. त्याची आजी येमेनकडची होती. ती मटणात हेच टाकायची. त्यानं शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून त्यालाही वास दिला. दोघांनी आजीची आठवण काढली. दोन मिनिटांत शेरा खोडला, ‘मसाला’ असं लिहिलं, शिक्का मारला.

“पहले क्यों नहीं बोला, चाचा? शैबा बोलना था, खलास.”

पोती सुटली, माझी नोकरी वाचली, त्यांचीही वाचली. मी आनंदानं वेडी झाले होते. चाचा मात्र व्हॅनमध्ये तोंड फुगवून बसले होते.

“नाकानं!” ते शेवटी म्हणाले. “पाऊन तास मी इतिहास सांगितला, आनि त्यानं नाकानं ठरवला!” मग समुद्रावरचा पूल आला. तो ओलांडताना ते पुन्हा म्हणाले, “शैबा म्हंजे म्हातारा. पांडऱ्या केसांचा. दगडावर म्हातारपन चडल्यासारका दिसतोच तो. ज्यानं नाव दिलान, त्यानं नीट बघून दिलान.” आणि वहीत लिहून घेतलं.

सावंतनं त्या दिवसापासून त्यांना ‘शैबा’ म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते आवडायचं.

दोन वर्षांनी वयामुळे त्यांचा व्हिसा पुढे वाढला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी बरण्या स्वतः धुतल्या. प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, मग साबण. ‘थॉमसाय’ची पाळी आली तेव्हा दारातून सर म्हणाले, “वो रहने दो.” आणि बरणी स्वतःच्या केबिनमध्ये घेऊन गेले. थॉमस सरांना एखाद्या दिवशी कुणी सत्य सांगेल, याची मला अजून काळजी वाटते.

चाचांना मी पुन्हा एकदाच पाहिलं. सुट्टीत कराडला आले होते, भाद्रपद चालू होता, आणि एक दिवस काढून मी दापोलीला गेले. घर शोधत पोचले तर दाराला कडी. शेजारच्या बाईंनी मागच्या डोंगराकडे बोट केलं.

सगळा उतार ओला, हिरवा. झाडांच्या सालींवर, गडग्यांच्या दगडांवर पांढरे-करडे पापुद्रे चिकटलेले, पायाखाली जागोजागी अळंब्या. बहरीनमध्ये ज्याच्या एका तुकड्यासाठी त्यांनी पोती फोडली असती ते इथं पायदळी येत होतं. पुढे जुबेदाचाची, साडी खोचून, हातात काठी. मागे चाचा, छत्री मानेत अडकवून, वहीत लिहिताहेत.

“ही कुठली?” चाचा विचारत होते.

“ही वारुलाची. खायची.”

“आनि ही?”

“ही माझ्या जावेची. वरनं गोरी, पोटात विष.”

“असा नाव हाय हिचा?”

“मी ठेवलाय. तीस वर्सं झाली. सगली वाडी आता तसाच म्हन्ते.”

चाचांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सखीरच्या माळावर गुडघ्यावर बसलेले असतानाही ते इतक्या आदरानं कशाकडे बघत नव्हते. “कधी बोल्लीस नाय,” ते म्हणाले.

“तुमी इचारलाव कधी?”

त्यांनी घाईघाईनं पान उलटलं. “थांब, पयल्यापास्नं सांग. पयली कोनती ओलखायला शिकलीस? कोनी शिकवली?”

“आवो, पाऊस येतोय!”

“येऊ दे. थोडक्यात सांग.”

एसटीची वेळ होत आली होती. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. चाची मागे वळली, त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, स्वतःच्या अंबाड्यात खोचली आणि रिकाम्या झालेल्या त्या हातात भरलेली टोपली दिली. मग पुढे चालायला लागली. ती बोलत होती आणि चाचा टोपली छातीशी धरून, एक शब्द निसटू नये म्हणून, जवळजवळ पळत तिच्या मागून डोंगर चढत होते.